किल्ली कुणाकडे?

मोऱ्याच्या कोळीवाड्यात एक तांडेल राहायचा. होडी नाखव्याची, पण दर्यात शब्द चालायचा तांडेलाचा. हाताखाली सहा खलाशी. कुठे खडक, कुठे गाळ, वारा कधी फिरणार, हे त्याला विचारावं आणि निर्धास्त व्हावं. जाळं रिकामं आलं तर तो खलाशांवर डाफरायचा नाही आणि भरून आलं तर वाटे घालताना कुणाचं एक पापलेट इकडचं तिकडे होऊ द्यायचा नाही. माणूस चांगला होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दारू पिऊन गाडी चालवणारा म्हटलं की आपल्याला वाया गेलेला कुणीतरी दिसतो, आणि ही गोष्ट आपल्या घरातली नाही असं समजून आपण मोकळे होतो.

तांडेल रोज प्यायचा नाही. दर्यावरून आल्यावर कधी एखादी क्वार्टर, शिमग्याला थोडी जास्त आणि हळदीला मात्र हात सैल. उरण-पनवेल पट्ट्यातली आगरी-कोळ्यांची हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मांडव, बेंजो, मटणाची पातेली, नाचणाऱ्या बायका, पोरं, म्हातारे, आणि मांडवाच्या मागे खोकी. पाहुण्याला पाजली नाही तर यजमानाची मान खाली, आणि पाहुण्याने घेतली नाही तर त्याचीही. लग्नात जेवढी पंगत तेवढीच हळदीत ही दुसरी पंगत. आता समाजातलेच लोक हळदीतली दारू बंद करा म्हणून बोलू लागले आहेत, काही गावांत ठराव होतात. पण मे महिन्यातल्या त्या रात्री चिरनेरच्या मांडवात असं काही नव्हतं. मावसभावाची हळद होती.

रात्री दीडच्या सुमारास तांडेल मोटारसायकलवरून निघाला. मागे सतरा वर्षांचा भाचा. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. "राहा इथंच, सकाळी जा," असं मावशी म्हणाली होती. "मना काय झालंय? सरळ चालतोय ना?" असं तो म्हणाला होता, आणि खरंच सरळ चालत होता.

खोपट्याचा पूल ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला एक ट्रेलर उभा होता. न्हावा शेवा बंदर झाल्यापासून या भागात कंटेनरच्या ट्रेलरांची वाण नाही. गोदामात आत घेईपर्यंत ते रस्त्यातच रांग लावून थांबतात. याला मागचा दिवाही नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. तांडेलाला तो दिसला, पण उशिरा दिसला.

त्याच्या नडगीचे दोन तुकडे झाले. भाचा पुढे फेकला गेला आणि कोपरावर आपटला. कुणीतरी १०८ ला फोन केला, उरणहून त्यांना पुढे पनवेलकडच्या एका मोठ्या रुग्णालयात हलवलं. पायात सळई पडली.

खाटेशी आधी आई आली. उरणच्या बाजारात म्हावरं विकून सरळ आलेली, पदराला वास तसाच. तिने त्याला एकवीरेची शपथ घातली. त्याने घेतली. याआधीही दोनदा घेतली होती, हे तिलाही ठाऊक होतं. मग पोलीस आला. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ त्याने वाचून दाखवलं: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की गुन्हा, पहिल्या वेळेला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तांडेलाने मान डोलावली. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी माझ्याकडे नाही, शवागारात याल." त्याने मान आणखी खाली घातली.

तिघेही खरं बोलत होते आणि तिघांनाही त्याची काळजी होती, डॉक्टरांनासुद्धा. पण तिघांचं ऐकताना त्याच्या मनात एकच वाक्य फिरत होतं: ट्रेलरला दिवा नव्हता. माणसाला कोपऱ्यात रेटलं की तो आपल्या बाजूचा जो एक खरा मुद्दा असेल त्याला पाठ टेकून उभा राहतो. त्याचा मुद्दा खराच होता, म्हणून तर तो तिथून हलत नव्हता.

चौथी आली ती रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातली बाई. समुपदेशक. तिने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि विचारलं, "दादा, थोडं बोलायचं होतं. आत्ता बोलू की नंतर येऊ?"

इतक्या दिवसांत त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. बाकी सगळ्यांनी सांगितलंच होतं.

"मॅडम, मी काय बेवडा नाय."

"मी तसं म्हटलं नाही. दहा प्रश्न आहेत, उत्तरं द्यायची तर द्या, नाहीतर राहू द्या."

ते दहा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेने तयार करवून घेतलेले आहेत आणि देशोदेशींच्या दवाखान्यांत विचारले जातात. महिन्यातून किती वेळा घेता? एका बैठकीला किती? घेतल्यावर काय झालं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही, असं कधी झालं? तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली? या प्रश्नाला तो पलीकडच्या वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिला. तिथे भाचा होता.

तिने आणखी एक विचारून घेतलं: सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, दारू मिळाली नाही तर घाम फुटतो का? नाही म्हणाला. हा प्रश्न महत्त्वाचा. ज्याचे हात थरथरतात त्याने घरच्या घरी एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार लागतात. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण अशांसाठी आहे. तांडेल त्या टोकाला पोचलेला नव्हता. तो अलीकडच्या पट्ट्यात होता, जिथे माणसाला आपलं काही बिघडलंय असं वाटत नाही आणि अपघातही होत राहतात.

"घरी गेल्यावर मी फोन केला तर चालेल?" बाईने विचारलं. "इथे शेजारच्या खाटेवरचेही ऐकतायत."

"दुपारी तीनला करा. तवा घरात कोण नसतं."

फोनच का, असं कुणी विचारील. जखमी माणूस रुग्णालयात असतो तेव्हा तिथे धावपळ असते. पट्टी बांधणाऱ्याला दारूबद्दल बोलायला उसंत नसते, आणि ज्याचा पाय ठणकतोय त्याला ऐकायला. पुन्हा भेटायला बोलवावं तर मोडक्या पायाने मोऱ्याहून पनवेलला कोण जाणार? रोजंदारी बुडवून त्याला घेऊन तरी कोण जाणार? आणि दारू काही वॉर्डात भेटत नाही. ती भेटते घरी गेल्यावर, संध्याकाळी, मित्र आले की. बोलायला हवं ते तिथे.

अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या डॉ. मायकेल मेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं. अपघात विभागातून मलमपट्टी करून घरी गेलेल्या, जास्त पिणाऱ्या रुग्णांना त्यांनी फोनवर समुपदेशन दिलं आणि २००८ साली निष्कर्ष मांडले. तीन महिन्यांनी पाहिलं तर पिणं सगळ्यांचंच कमी झालं होतं, फोन आलेल्यांचं आणि न आलेल्यांचंही. पण पिऊन गाडी चालवणं फोन आलेल्यांमध्ये जास्त घटलं. मला या निष्कर्षाचा प्रामाणिकपणा आवडतो. फोनने दारू सुटली असा दावा त्यात नाही.

आपल्याजवळचा दाखला गोव्याचा आहे. तिथल्या संगाथ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा त्यांनी अभ्यास केला. तो लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथलं बोलणं समोरासमोर होतं, फोनवर नव्हे. तीन महिन्यांनंतर विचारलं, तेव्हा मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के होते, नेहमीच्या उपचारांवर सोडलेल्यांत १८ टक्के. म्हणजे मोठमोठी यंत्रणा नसली तरी नीट बोलायला शिकलेलं माणूस लागतं. ते बोलणं कसं असतं, ते तांडेलाच्या पडवीत बघू.

पहिला फोन आला तेव्हा तो खाटेवर पाय लांब करून बसला होता.

"दादा, पिऊन गाडीला हात लावायचा नाही, असं ठरवायचं झालं तर तुमची तयारी किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे आजपासून."

"चार."

त्याने मनात बचाव तयार ठेवला होता. आता ही विचारणार, फक्त चार का, दहा का नाही. मग तो हळदीचं सांगणार होता, मित्रांचं, यजमानाच्या मानाचं.

"चार? मग दोन का नाही म्हणालात?" बाईने विचारलं.

याचं उत्तर त्याच्याकडे तयार नव्हतं. बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"भाच्याचा हात सरळ होत नाय," तो म्हणाला. "कोपरात अडकतो. आयटीआयला फिटरला घालायचा होता त्याला. बहीण काय बोलत नाय मना. बोलली असती तर बरं झालं असतं." मग थांबून, "आणि नाखव्याने दुसरा तांडेल बघितला तर? सहा घरं माझ्या पायावर हायेत."

कुणीही त्याला सांगितलं नव्हतं ते त्याने स्वतःच स्वतःला सांगितलं. बाईने फक्त ऐकून घेतलं, आणि त्याचेच शब्द त्याला परत म्हणून दाखवले.

शेवटी तो म्हणालाच, "पण ताई, ट्रेलरला दिवा नव्हता." मॅडमची ताई केव्हा झाली ते त्यालाही कळलं नाही.

"नव्हता. चूकच आहे ती, तक्रार करायलाच हवी. पण ट्रेलर काही तुमच्या हातात नव्हता. तुमच्या हातात काय होतं?"

"हँडल."

"आणि हँडलच्या आधी?"

"किल्ली," तो म्हणाला.

दुसरा फोन जूनमध्ये आला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, पाऊस आणि रिकामपण. कोळीवाड्यात हे दोन महिने अवघड. हातात काम नाही आणि संध्याकाळ लवकर होते.

"मी ठरवलंय ताई. चढली की किल्ली दुसऱ्याला द्यायची."

"चढली हे कोण ठरवणार?"

"मीच की."

"तेव्हा ठरवणारा शुद्धीत असेल ना?"

तो हसला, पण उत्तर देईना. दारू डोक्यात गेली की पाय लटपटायच्या कितीतरी आधी बिघडतो तो अंदाज. वेगाचा, अंतराचा आणि स्वतःचाही. म्हणून तर प्यालेला प्रत्येक माणूस सांगतो, मला काही झालेलं नाही. तो खोटं बोलत नसतो. ज्याने तपासायचं तेच आधी बोथट झालेलं असतं.

बाईने विषय सोडल्यासारखं केलं. "मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते ना? मध्येच बंद असते म्हणतात."

"ओहोटीला. मोऱ्याला गाळ लय साचतो. पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागतच नाय."

"मग ते कसं कळतं? पाणी उतरायला लागलं की बघता?"

"छे!" तांडेल आपल्या दर्यात आला होता. "आधी कळतं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असंल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हातारे बोटांवर सांगायचे. होडी कधी काढायची नि कधी आणायची, आदल्या रात्रीच ठरतं. गाळात बसल्यावर पाणी बघून काय उपयोग?"

एवढं बोलून तो थांबला. बाईही काही बोलली नाही.

"म्हणजे घरातनं निघतानाच," तो सावकाश म्हणाला. "पहिला पेला घ्यायच्या आधी किल्ली द्यायची."

"कुणाकडे?"

नुसतं ठरवून भागत नाही, कुणाकडे हे नावासकट ठरवावं लागतं. त्याने बायकोचं नाव घेतलं. त्या संध्याकाळी गाडीची किल्ली देव्हाऱ्याच्या खुंटीवरून बायकोच्या मंगळसूत्राच्या वाटीशेजारी पिनेला अडकली. ज्या घरात पैशांवरून, सासरवरून, मुलांवरून वाद होतात त्या घरात या किल्लीवरून कधी वाद झाला नाही, कारण ती हिसकावून घेतलेली नव्हती. त्याने दिली होती.

तिसरा फोन त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग बाईने दोन दिवस जाऊ दिले आणि पुन्हा केला.

"बोलायचं नसेल तर परवा करते दादा."

"ताई, घेतली मी. रविवारी. पोरं बसली होती होडीच्या आडोशाला, पाऊस होता. लय घेतली." त्याला वाटलं, आता संपलं. शपथ मोडली की आई आठ दिवस बोलायची नाही.

"घरी कसे आलात?"

"चालत. कुबडी घेऊन, चिखलातनं."

"एवढ्या पावसात गाडी नाही काढली?"

"गाडी कशी काढणार? किल्ली हिच्याकडे."

"म्हणजे जे ठरवलं होतं ते पाळलंत. आता रविवारचं बघू. कुणी बसवलं, काय झालं होतं त्या दिवशी?"

काही वाचकांना हे अर्धवट वाटेल. प्यायलाच की तो! शपथेच्या हिशेबात तो नापास. पण रस्त्यावरचा हिशेब वेगळा असतो. त्या रविवारी खोपट्याच्या, बोकडवीऱ्याच्या, जासईच्या रस्त्यावर झिंगलेला एक मोटारसायकलवाला कमी होता. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली. त्यातला एकेक माणूस असाच, एकेका रात्री, एकेका किल्लीपाशी वाचवावा लागतो. जे समुपदेशन पहिल्याच चुकीला माणसाला नापास करून टाकतं, त्याचा पुढचा फोन उचलला जात नाही. आणि फोन उचलला गेला नाही तर बाकी सगळं ज्ञान त्या टोकालाच राहतं.

हळूहळू त्याचं पिणंही उतरलं. हाड जुळायला दारू आड येते हे डॉक्टरांनी सांगितलं होतं; वेदनेच्या गोळ्यांबरोबर ती नको हे बाईने. पण खरं कारण वेगळं होतं. किल्ली दिली की परत कसं जायचं हे ठरवावं लागे. ते ठरवायचं तर किती वेळ बसायचं हे ठरे. आणि वेळ ठरली की पेलेही मोजले जात. दसऱ्यानंतर तो पुन्हा होडीवर गेला. पाय थोडा ओढतो, पण दर्यात ते कुणाला दिसत नाही.

पुढच्या मे महिन्यात मोऱ्यातच नाखव्याच्या पोराची हळद होती. तांडेल चार दिवस आधी नाखव्याकडे गेला. दारू बंद कर असं तो म्हणाला नाही. ते त्याच्या तोंडी शोभलं नसतं आणि नाखव्याने ऐकलंही नसतं. तो म्हणाला, "मांडवाच्या तोंडाशी तुझी आत्या बसव. येईल त्याला हळदीचं बोट लावायचं नि गाडीची किल्ली घ्यायची. रातचे दोन टेम्पो माझ्या ओळखीचे हायेत, करंज्यापासून जासईपर्यंत सोडतील."

आत्या सत्तरीची. तिला नाही म्हणायची छाती पंचक्रोशीत कुणाची नव्हती. स्टीलचा पिंपाएवढा डबा मांडीशी घेऊन ती बसली. कुणी कुरकुरलं की म्हणायची, "दे रं दादूस, उद्या चहा प्यायला ये नि घेऊन जा." एका पोराने, मी पीतच नाही आत्या, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मग तुला सकाळी पहिली मिळंल." डब्यात किल्ल्या पडत राहिल्या. भाचाही आला होता. त्याने आता लायसन्स काढलं होतं. त्याने डाव्या हाताने किल्ली टाकली, उजवा अजून पुरता सरळ होत नव्हता. तांडेल ते बघत उभा राहिला आणि मग पाहुण्यांना वाढायला गेला.

रात्री बेंजो जोरात असताना त्याच्याच होडीवरचा एक खलाशी त्याला मांडवाच्या मागे घेऊन गेला. चाळिशीचा, अबोल माणूस.

"तांडेल, तुला त्या बाईंचे फोन यायचे ना? तिचा नंबर हाय?"

"तिचा रुग्णालयातल्या लोकांसाठी हाय. पण सरकारचा एक हाय, १४४४६. व्यसनाचंच बोलतात, पैसे लागत नाय." मग त्याने खलाशाच्या हाताकडे बघितलं. हात थरथरत होता, आणि त्याने आज अजून घेतलेली नव्हती. "तू मात्र एकदम सोडू नको. उद्या डॉक्टरकडं चल. मी येतो."

"उद्या?"

"सकाळी आठला. रिक्षाने जाऊ."